शब्दावरचे स्वातंत्र्य आणि कागदावरचे स्वातंत्र्य : मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यांचा इतिहास

१/ कुरखेडा हे गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागातले, सती नदीकाठचे तालुक्याचे गाव. येथील कोणाच्याही अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ आणि त्यात ‘कायदेशीर माहिती’ हा भाग शोधून उघडला, तर हजारो ओळींचा मजकूर समोर येतो. त्यात वर्षे असतात, व्यक्तींची आणि संस्थांची नावे असतात आणि तीच ती वाक्ये पुनःपुन्हा आलेली असतात. हा मजकूर सहसा कोणी वाचत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तो वाचायला हवा, कारण तो आपल्या काळातील दानपत्रांचा संग्रह आहे.

२/ दानपत्र हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही. अमरावती जिल्ह्यातील चम्मक येथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा पाचव्या शतकातील ताम्रपट सापडला. त्यात एक हजार ब्राह्मणांना दिलेल्या जमिनीची नोंद आहे. देणारा कोण, घेणारे कोण, जमीन किती, हे तर त्यात आहेच. शिवाय अटीही आहेत. दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी करू नये, इतर गावांचे वाईट करू नये. या अटी मोडल्या आणि राजाने जमीन परत घेतली, तर ती चोरी ठरणार नाही, असेही ताम्रपट बजावतो.

३/ मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना याच चार प्रश्नांची उत्तरे देतो. देणारा कोण? काय दिले? कोणत्या अटींवर दिले? अट मोडल्यास काय होईल? ताम्रपटावर राजमुद्रा असे. येथे कॉपीराइटची एक ओळ असते. ही ओळ का लागते, ती नसेल तर काय बिघडते आणि तिच्यासाठी न्यायालयापर्यंत का जावे लागले, हा या धाग्याचा विषय आहे.

४/ सुरुवात एका गैरसमजापासून करावी लागते. ‘इंटरनेटवर ठेवले आहे आणि कोणी पैसे मागत नाही, म्हणजे ते सर्वांचे’ अशी सार्वत्रिक समजूत आहे. कायदा नेमके उलटे सांगतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कलाकृती निर्माण होताक्षणी तिच्यावर निर्मात्याचा हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, सूचनाही लागत नाही. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाचे प्रोग्रॅम या कायद्यात साहित्यकृतींबरोबर गणले गेले. त्यामुळे ज्या प्रोग्रॅमवर काहीच लिहिलेले नाही, तो मोकळा नसतो, तर पूर्णपणे बंद असतो. लेखकाचे मौन म्हणजे नकार.

५/ म्हणूनच मराठीत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे दोन वेगळे शब्द आहेत, हे या विषयात फार उपयोगी पडते. मोफत म्हणजे किंमत नाही. मुक्त म्हणजे वापरण्याचा, अभ्यासण्याचा, बदलण्याचा आणि पुढे वाटण्याचा हक्क आहे. पहिली गोष्ट देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. दुसरी लेखी दिल्याशिवाय अस्तित्वातच येत नाही. भारतीय कायद्याचे कलम ३० परवाना लेखी असावा असेच सांगते.

६/ हा धडा मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीला अगदी आरंभीच मिळाला. जेम्स गोस्लिंग यांनी १९८१ च्या सुमारास ‘ईमॅक्स’ या मजकूर-संपादकाची स्वतःची आवृत्ती लिहिली आणि ती संगणकतज्ज्ञांच्या वर्तुळात वाटली. पुढे त्यांनी ती युनिप्रेस या कंपनीला विकली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ग्नू ईमॅक्स’मध्ये गोस्लिंग यांच्या कोडचा काही भाग होता. तो वापरण्याची परवानगी गोस्लिंग यांनी पूर्वीच एका सहकाऱ्याला निरोपातून दिली होती, अशी स्टॉलमन यांची बाजू होती. युनिप्रेसने ती मानली नाही.

७/ वाद न्यायालयात गेला नाही. स्टॉलमन यांनी त्याच वर्षी तो सारा भाग काढून टाकला आणि स्वतः नव्याने लिहिला. पण प्रश्न उरलाच. मैत्रीत दिलेला शब्द मालक बदलताच निरर्थक होत असेल, तर शेकडो अनोळखी माणसांनी मिळून लिहायचे सॉफ्टवेअर कोणत्या आधारावर उभे राहणार? शब्दाच्या जागी असे काही हवे होते, जे प्रोग्रॅमसोबत प्रवास करील आणि मालक बदलला तरी टिकेल.

८/ त्या काळी अमेरिकेत आणखी एक अडचण होती. कॉपीराइटची सूचना न छापता कृती प्रसिद्ध केली, तर लेखकाने हक्क गमावण्याचा धोका असे. भारत १९२८ पासून बर्न कराराचा सदस्य होता आणि त्या करारात हक्क आपोआप मिळतो. अमेरिकेत मात्र हा करार १ मार्च १९८९ रोजी लागू झाला. तोपर्यंत तेथील प्रत्येक प्रोग्रॅमकर्त्याला फायलीच्या माथ्यावर वर्ष आणि नाव लिहिण्याची सवय लागली होती. कायद्याची सक्ती गेल्यावरही ती सवय राहिली, आणि ते बरेच झाले.

९/ याच्या चारच दिवस आधी, २५ फेब्रुवारी १९८९ रोजी, ‘जनरल पब्लिक लायसन्स’ म्हणजे जीपीएलची पहिली आवृत्ती आली. दुसरी जून १९९१ मध्ये आणि तिसरी जून २००७ मध्ये. या परवान्याच्या शेवटी एक परिशिष्ट आहे. आपल्या नव्या प्रोग्रॅमला या अटी कशा लावाव्यात, हे त्यात पायरीपायरीने सांगितले आहे. कायद्याचा मसुदा आणि तो वापरण्याची कृती एकाच कागदावर देणारा असा दस्तऐवज विरळाच.

१०/ ती कृती थोडक्यात अशी. प्रोग्रॅमचे नाव आणि तो काय करतो हे एका ओळीत लिहावे. त्याखाली कॉपीराइट, वर्ष आणि हक्कधारकाचे नाव. मग हा प्रोग्रॅम कोणत्या परवान्याच्या कोणत्या आवृत्तीनुसार वाटता व बदलता येईल, हे सांगणारे निवेदन. त्यानंतर कोणतीही हमी नाही, याची सूचना. ही टिपणी प्रत्येक फायलीच्या आरंभी असावी आणि परवान्याचा पूर्ण मजकूर वेगळ्या फायलीत पॅकेजसोबत जावा.

११/ प्रत्येक फायलीत का? कारण फायली पॅकेजमध्ये राहत नाहीत. एखादी उपयुक्त फाईल उचलली जाते, दुसऱ्या प्रकल्पात जाते, तिथून तिसऱ्यात. मूळ पॅकेज मागे राहते. दहा वर्षांनी ती फाईल ज्याच्या हाती पडते, त्याच्यापाशी तिच्या माथ्यावरच्या त्या चार ओळींखेरीज दुसरा पुरावा नसतो. आणि नाव का? कारण जो मालक आहे तोच परवानगी देऊ शकतो. निनावी परवाना म्हणजे कोणाच्याही सहीशिवायचे दानपत्र.

१२/ जीपीएलची मुख्य कल्पना मराठी वाचकाला समजावून सांगायला कुरखेड्याच्या शेजारचा धानोरा तालुका पुरेसा आहे. तेथील मेंढा (लेखा) या गोंड गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगलाचा वापर गाव पिढ्यान्‌पिढ्या करत होतेच. पण वापर होता, कागद नव्हता. हक्कपत्र मिळाल्यावरही बांबू बाहेर नेण्यासाठी वाहतूक परवाना लागे. त्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडले.

१३/ याच मेंढ्याने २०१३ मध्ये ग्रामदान स्वीकारले. ग्रामदानाची कल्पना विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीतून पुढे आली आणि महाराष्ट्रात त्यासाठी १९६४ चा कायदा आहे. ग्रामदानात जमिनीची मालकी ग्रामसमुदायाकडे जाते. कसणारा ती कसत राहतो, त्याचे वारसही कसतात, पण ती गावाबाहेर विकता येत नाही. मालकीचा कायदा येथे मोडलेला नाही. जमीन कोणा एकाच्या खिशात जाऊ नये, यासाठी तोच कायदा वापरला आहे.

१४/ जीपीएल नेमके हेच करतो. लेखक कॉपीराइट सोडून देत नाही. तो हक्क स्वतःकडे ठेवतो आणि त्याच्या बळावर अट घालतो : वापरा, बदला, विका, पण पुढे देताना हेच स्वातंत्र्य पुढच्यालाही द्या. याला ‘कॉपीलेफ्ट’ म्हणतात. हक्क सोडून दिला असता, तर कोणीही तो प्रोग्रॅम थोडा बदलून बंदिस्त करू शकला असता. कुंपण नसलेली जमीन सर्वांची राहतेच असे नाही. बहुधा ती आधी पोहोचणाऱ्याची होते.

१५/ दुसरी परंपरा कॅलिफोर्निया विद्यापीठाची. बर्कली येथे तयार झालेल्या ‘बीएसडी’चा परवाना फार थोडे मागतो : काहीही करा, पण आमची कॉपीराइट सूचना काढू नका. १९९२ मध्ये एटी अँड टीच्या युनिक्स शाखेने बीएसडीच्या वितरकांवर आणि विद्यापीठावर कोडच्या चोरीचा दावा लावला. तेव्हा विद्यापीठाने उलट दावा ठोकला. विद्यापीठाचे कोड युनिक्समध्ये वापरताना नामनिर्देशाची अट पाळली नाही, असा त्याचा आरोप होता.

१६/ १९९४ मध्ये तडजोड झाली. सुमारे १८,००० फायलींपैकी केवळ ३ काढून टाकाव्या लागल्या आणि सुमारे ७० फायलींमध्ये युनिक्स शाखेची कॉपीराइट सूचना घालावी लागली. दोन वर्षांच्या लढाईचा निकाल असा फायलींच्या माथ्यावरच्या ओळींमध्ये उतरला. दरम्यान या अनिश्चिततेच्या काळात लिनक्स वाढत होते. लिनुस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये स्वतःच्या अटींवर प्रसिद्ध केलेले लिनक्स १९९२ च्या आरंभी जीपीएलखाली आले होते.

१७/ अट मोडली तर काय, या चौथ्या प्रश्नाचे उत्तर न्यायालयांनी नंतर दिले. २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने नेटफिल्टर प्रकल्पाच्या बाजूने निर्णय दिला. सायटकॉम कंपनी आपल्या नेटवर्क उपकरणांत हे सॉफ्टवेअर वापरत होती, पण परवान्याचा मजकूर आणि सोर्स कोड देत नव्हती. न्यायालयाच्या मते अट मोडताच वाटण्याचा हक्कही संपतो. चम्मकच्या ताम्रपटातील तरतुदीची आठवण व्हावी असाच हा तर्क आहे.

१८/ त्याहून बोलका खटला खेळण्यातल्या रेल्वेचा. रॉबर्ट जेकबसन हे पदार्थवैज्ञानिक; छोट्या रेल्वेगाड्या संगणकावरून चालवण्याचे सॉफ्टवेअर त्यांनी इतरांसह लिहून मुक्त परवान्याखाली दिले. एका कंपनीने त्यातील फायली आपल्या विक्रीच्या उत्पादनात घेतल्या. लेखकांची नावे, कॉपीराइट सूचना आणि परवान्याच्या फायलीचा उल्लेख, सारे त्यातून गळले होते. फुकट दिलेल्या वस्तूचे नुकसान ते काय, असा प्रश्न उभा राहिला.

१९/ ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने उत्तर दिले. पैसे न घेणारा लेखकही अटींच्या रूपाने मोबदलाच मागत असतो. नाव टिकते, वापरणाऱ्याला मूळ प्रकल्पाची वाट सापडते, सुधारणा परत येतात. यालाही आर्थिक मूल्य आहे. म्हणून अशा अटींचा भंग हा केवळ कराराचा भंग ठरत नाही, तो कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. मुक्त परवान्यांना मिळालेला हा फार मोठा न्यायालयीन आधार आहे.

२०/ आता पुणे. लिनक्सवर मराठी, हिंदी आणि इतर भारतीय भाषा ज्यामुळे दिसू लागल्या, त्या ‘लोहित’ फाँटमालेचे मूळ काम पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. ही माला जीपीएलखाली उपलब्ध झाली. हेतू उत्तम होता, पण परवाना प्रोग्रॅमसाठी घडवलेला होता. फाँट दस्तऐवजात अंतर्भूत होतो. मग लोहितमध्ये मांडलेल्या पीडीएफलाही जीपीएलच्या अटी लागतात काय? कवितासंग्रहाची फाईल पाठवणाऱ्याला असा प्रश्न पडणे हेच परवाना चुकल्याचे लक्षण होते.

२१/ २०११ मध्ये लोहित ‘ओपन फाँट लायसन्स’खाली आले आणि प्रश्न मिटला. हा परवाना खास फाँटसाठी लिहिलेला आहे. फाँट बदलता येतो, वाटता येतो, दस्तऐवजात घालता येतो आणि त्या दस्तऐवजावर कोणतेही बंधन येत नाही. फक्त फाँट सुटा विकता येत नाही आणि लेखकाने राखून ठेवलेले नाव बदललेल्या आवृत्तीला देता येत नाही. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ हा देवनागरी फाँटही याच परवान्याखाली आहे.

२२/ परवाना निवडणे ही केवळ वकिली औपचारिकता नाही, हे लोहितच्या इतिहासावरून दिसते. वस्तू कशी वापरली जाणार आहे, याचा विचार करून अट लिहावी लागते. भारतीय कायद्यात तर एक खास काळजी घ्यावी लागते : हस्तांतरणाच्या दस्तऐवजात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता मानला जातो, हाच नियम परवान्यांनाही लावला जातो. ‘जगभर’ आणि ‘कायमस्वरूपी’ हे परवान्यांतले शब्द म्हणूनच पोकळ नाहीत.

२३/ सूचना लावण्यात मोठ्या प्रकल्पांचीही हयगय होते. लिनक्सच्या गाभ्यातील हजारो फायलींवर कोणत्याही परवान्याचा उल्लेख नव्हता. २०१७ मध्ये त्या फायलींच्या माथ्यावर परवान्याचे नाव सांगणारी एक ठरावीक, संगणकालाही वाचता येईल अशी ओळ घालण्यात आली. ‘एसपीडीएक्स’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली. वर्ष, नाव आणि ही एक ओळ, एवढे आज लहान फायलीला पुरते.

२४/ आणि आता पुन्हा गडचिरोलीच्या जंगलात. २०११ च्या जनगणनेत देशात २९ लाख ८४ हजार लोकांनी आपली भाषा गोंडी सांगितली. महाराष्ट्रात गोंडी बहुधा देवनागरीत लिहिली जाते. पण तिच्या स्वतःच्या लिपीही आहेत. बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली. आदिलाबाद भागातील गुंजाळा गावच्या हस्तलिखितांतून पुढे आलेली दुसरी लिपी २०१८ मध्ये.

२५/ या दोन्ही लिपींसाठी गूगलच्या ‘नोटो’ मालेत फाँट आहेत. ही माला आधी अपाची परवान्याखाली होती, २०१५ पासून ओपन फाँट लायसन्सखाली आहे. म्हणजे कुरखेड्यातील एखाद्या शिक्षकाने मसराम लिपीचा फाँट उतरवून घेतला, त्यातले एखादे अक्षर सुधारले आणि तो गावोगाव वाटला, तर त्याला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. परवानगी आधीच लिहून ठेवलेली आहे. त्याने पाळायचे एवढेच, की जुनी सूचना आणि परवाना जागेवर ठेवावा. आपल्या बदलापुरती आपली ओळ त्याखाली जोडायला त्याला मोकळीक आहे.

२६/ या फाँटची कॉपीराइट ओळ मात्र नीट वाचावी. तिच्यात हक्कधारक म्हणून नोटो प्रकल्पाच्या लेखकांचा उल्लेख आहे. मसराम यांचे नाव लिपीच्या नावात आहे, हक्काच्या ओळीत नाही. यात कोणाची लबाडी नाही. कायदा फाँटच्या फायलीचे, म्हणजे त्या विशिष्ट रेखाटनाचे रक्षण करतो. वर्णमाला कोणाच्या मालकीची मानत नाही. पण उद्या केवळ या सूचनांवरून लिपीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने तिचे मौनही ध्यानात घ्यावे.

२७/ गोष्टींच्या बाबतीत चित्र अधिक आशादायी आहे. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या मंचावर बालकथा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली असतात आणि त्यांत गोंडी अनुवादही आहेत. त्या छापता येतात, बदलता येतात, स्थानिक बोलीत फिरवता येतात. अट एकच, लेखक, चित्रकार आणि अनुवादक यांची नावे द्यावीत. अनुवादकाचे नाव येथे हक्काने येते. धानोरा तालुक्यातील मोहगावात ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. अशा शाळेसाठी ही अट ओझे नाही, आधार आहे.

२८/ खरा अवघड प्रश्न यापुढचा आहे. कुरखेडा-कोरची भागातील वैदूंचे वनौषधींचे ज्ञान, गोंडी गाणी, गावांच्या उत्पत्तीच्या कथा. यांना एक लेखक नाही. आज कोणीही फोनवर त्यांचे ध्वनिमुद्रण करू शकतो. कायद्याच्या दृष्टीने त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क मुद्रण करवून घेणाऱ्याकडे जातो, गाणाऱ्या गावाकडे नाही. आणि मुक्त परवाना एकदा दिला की सहसा मागे घेता येत नाही. दानपत्राप्रमाणेच तो देताना विचार करायचा, नंतर नाही.

२९/ म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी ग्रामसभेत चर्चा : हे बाहेर द्यायचे का, किती द्यायचे, कोणत्या अटीवर. मग नाव : गायिकेचे, वैदूचे, गावाचे. मग वर्ष. मग परवाना. शेवटी प्रसिद्धी. बांबूच्या बाबतीत आधी जंगल गेले आणि कागद मागाहून, फार उशिरा आला. शब्द, स्वर आणि अक्षरांच्या बाबतीत तो कागद आधी लिहिता येतो, त्याला खर्च नाही आणि तो लिहायला चार ओळी पुरतात.

३०/ ईमॅक्सचा वाद, बर्कलीचे ७० मथळे, जेकबसन यांची हरवलेली नावे आणि लोहितचा बदललेला परवाना यांतून एकच गोष्ट दिसते. उदारपणा माणसासोबत असतो. तो माणूस गेला, विकला गेला वा विसरला की उदारपणाही संपतो. लिहून ठेवलेला हक्क फायलीसोबत राहतो. पुढच्या पिढीतील गोंडी मुलाच्या हाती जे पडेल, त्यावर ते कोणी दिले आणि त्याला त्याचे काय करता येईल, हे लिहिलेले असावे.

(धागा समाप्त)